कळ आली की जबडा सैल सोड

पत्र:

ताई, मी भांडुपला राहते, फोर्टात एका बँकेत नोकरी करते. वय २९, पहिलंच बाळंतपण. परवा २८ आठवडे पूर्ण झाले, तारीख जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातली दिली आहे. रिपोर्ट चांगले आहेत, फक्त हिमोग्लोबिन १०.२ आहे. मला नॉर्मल डिलिव्हरी हवी आहे, पण रात्री झोपताना भीतीने पोटात गोळा येतो. माझ्या मोठ्या बहिणीचं दोन वर्षांपूर्वी चौदा तास कळा देऊन शेवटी सिझर झालं. अजून घरात कोणी ना कोणी म्हणतंच, 'तिला कळा सोसवल्या नाहीत.' सासूबाई मायेच्या आहेत, पण रोज फरशी पुस म्हणतात आणि नववा लागला की तूप प्यायचं म्हणतात. एका गर्भसंस्कार वर्गवाल्यांनी सांगितलं की त्यांचं महागडं पॅकेज घेतलं तर नॉर्मल नक्की. नवरा म्हणतो, तू म्हणशील तसं करू. पण मलाच काही सुचत नाही. शरीराची आणि मनाची तयारी नेमकी करायची कशी? आणि मला जमेल ना?

उत्तर:

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा शेवटच्या तीन शब्दांवर थांबले. मुंबईतल्या एका प्रसूतिगृहात, लेबर रूममध्ये, मी एकतीस वर्षं सिस्टर होते. 'मला जमेल ना' हे बायका मला विचारायच्या ते पहाटे तीनला, टेबलावर पडून, माझं मनगट घट्ट धरून. तेव्हा 'जमेल गं' एवढंच म्हणायला वेळ असायचा. तू बारा आठवडे आधी विचारलंस. या बारा आठवड्यांत खूप काही होण्यासारखं आहे.

आधी ते पॅकेज बाजूला काढू. 'नॉर्मल नक्की' असं कोणीही, कितीही पैसे घेऊन, सांगू शकत नाही. बाळ शेवटपर्यंत पायाळू किंवा आडवं राहिलं, वार गर्भाशयाच्या तोंडावर आलेली असली, कळांमध्ये बाळाच्या हृदयाचे ठोके कमी होऊ लागले, तर श्वासाचा कितीही अभ्यास झालेला असो, सिझरकडे वळावं लागतं. वर्गात श्वास आणि व्यायाम शिकवत असतील, चार गरोदर मुली भेटत असतील, तर जरूर जा. पण हमी विकत घेऊ नकोस. ती हमी नंतर तुझ्यावरच उलटते. सिझर झालं की 'हिनेच नीट केलं नाही' म्हणायला सगळे मोकळे. तुझ्या ताईच्या बाबतीत तेच चाललंय. तिच्याबद्दल मला बोलायचंय, पण जरा पुढे.

आता भीती. मला डिलाइल रोडच्या चाळीतली एक पहिलटकरीण आठवते. रात्री अकराला आली तेव्हा गर्भाशयाचं तोंड चार सेंटिमीटर उघडलेलं. तीनला डॉक्टरांनी तपासलं, चारच. आई बाहेर बाकावर, नवरा खाली फाटकाशी. ही कॉटचा लोखंडी कठडा धरून पडलेली, बोटांची पेरं पांढरी, दात आवळलेले, खांदे कानांपर्यंत चढलेले. कळ निघून गेली तरी ती तशीच, पुढच्या कळेची वाट बघत. कळ एका मिनिटाची होती, ती मात्र पाचही मिनिटं सोसत होती. मी डोक्यावरची ट्यूब बंद केली, स्टूल ओढून बसले आणि दोन बोटांनी तिचा जबडा धरून म्हटलं, 'दात सोड. ओठ फुरफुरव, घोड्यासारखे.' तिने माझ्याकडे अशी नजर टाकली, की मी चक्रम आहे. पण केलं. मग तिला पोटातून, खालच्या पट्टीत 'ऊऽऽ' असा आवाज काढायला सांगितला. किंचाळी वर गळ्यात अडकते, हा आवाज खाली उतरतो. आयाबाईंना सांगून तिच्या आईला आत घेतलं. तासाभराने ती दोन कळांच्या मधे चक्क डुलक्या घेत होती. सकाळी नऊला मुलगी झाली.

जबडा सोडला म्हणून मुलगी झाली, असं मी म्हणणार नाही. पण तो तासाभरातला फरक मी इतक्यांदा पाहिलाय, की बाळंतपणाची तयारी म्हटली की मला सगळ्यात आधी तो कठडा आठवतो.

यामागे शरीराचं साधं गणित आहे. कळा आणतं ते ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक. माणूस घाबरला की शरीर पळायची तयारी करतं, ॲड्रेनलिन वाढतं, रक्त हातापायांकडे धावतं, गर्भाशयाकडे कमी जातं आणि कळांची लय बिघडते. बाई आवळून धरते, म्हणून जास्त दुखतं. जास्त दुखतं, म्हणून आणखी घाबरते. ग्रँटली डिक-रीड नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी हे भीतीचं, ताणाचं आणि वेदनेचं चक्र १९३०च्या दशकातच मांडलं होतं. वेदना खरी असते, तिला मनाचे खेळ म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. पण त्या चक्रातली भीतीची कडी आधीपासून सैल करता येते.

कशी, ते सांगते. आज रात्री फ्रीजमधून बर्फाचा एक खडा काढ, मुठीत धर आणि मोबाइलवर एक मिनिट लाव. पहिल्यांदा काहीच करू नकोस, फक्त बघ, कुठे आवळतेस. कोणी दात, कोणी पायाची बोटं, कोणी कपाळ. मग दोन मिनिटं खडा वाटीत टाकून हात पुसायचा आणि पार सैल पडायचं. पुन्हा खडा उचल. या वेळी नाकाने चार मोजत श्वास आत घे आणि तोंडाने हळूहळू, आठ मोजत, गरम चहावर फुंकर घालतो तसा बाहेर सोड. श्वास सोडताना आवळलेली जागाही सोडायची. मुलींचं सगळं लक्ष बर्फाच्या मिनिटाकडे असतं. माझ्या मते शिकायचं ते मधल्या दोन मिनिटांचं. कळांचंही असंच असतं, मिनिटभर कळ, मग दोन-चार मिनिटं काहीच नाही. त्या वेळात जिला विसावता येतं, तिची ताकद शेवटच्या जोर देण्यापर्यंत पुरते. रोज झोपताना पाच खडे कर. नवऱ्यालाही करायला लाव, म्हणजे त्याला कळेल की 'श्वास घे' असं ओरडण्यापेक्षा शेजारी बसून स्वतः तसा श्वास घेतला, तर बायको आपोआप त्याच्या लयीत येते.

आणि ऐकीव गोष्टींना दार लाव. डोहाळजेवणाला जमलेल्या प्रत्येकीकडे एक भयंकर हकिगत असते आणि ती ओटी भरता भरता सांगितली जाते. 'माझं होऊ द्या मावशी, मग सावकाश ऐकते' असं हसून म्हण. कोणाला राग येत नाही.

शरीराकडे येऊ. सगळ्यात पहिलं तुझं हिमोग्लोबिन. गरोदरपणात ते ११च्या खाली गेलं की ॲनिमिया समजतात. बाळंतपणात रक्त जातंच, तेव्हा गाठीला असलेलं बरं. तुझं फार कमी नाही, पण लोहाच्या गोळीचं वेळापत्रक चुकत असणार, बहुतेक जणींचं चुकतं. गोळी चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतली की लोह अंगी लागत नाही. लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घे, चहात आणि तिच्यात दोनेक तास जाऊ देत. शौचाला काळी होईल, त्याला घाबरू नकोस. महिन्याने पुन्हा तपासून घे आणि वाढलं नसेल तर डॉक्टरांना विचार, शिरेतून द्यायचं का.

चालणं म्हणजे आठवड्याला एकूण दीडशे मिनिटं, चालता चालता बोलता येईल इतक्याच वेगाने. एप्रिल-मेच्या मुंबईत ते सकाळी सहालाच होतं, नंतर घामाने जीव जातो. पाण्याची बाटली घेऊन बिल्डिंगच्या आवारात फेऱ्या घातल्यास तरी पुरे. लोकलमध्ये मात्र धावपळ नको. दिव्यांगांच्या डब्यात गरोदर बायकांना बसता येतं, डॉक्टरांचा कागद पर्समध्ये ठेव आणि कोणी हटकलं तर संकोच न करता दाखव. कायद्याने तुला पहिल्या बाळंतपणाची २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, त्यातले आठ आठवडे आधी घेता येतात. सगळी रजा बाळासाठी साठवून शेवटच्या दिवसापर्यंत फोर्टाला जाणाऱ्या मुली मी पाहिल्यात. लेबर रूममध्ये येतात त्याच दमून. निदान तीन आठवडे तरी आधी थांब.

सासूबाईंच्या फरशीबद्दल. ओणवं झाल्याने कमरेला आराम पडतो आणि उकिडवं बसल्याने कंबरेची हाडं बाळाच्या वाटेला जास्त जागा देतात, एवढं त्यांचं बरोबर आहे. आपल्या आज्या चुलीपुढे, नळावर, संडासात दिवसातून वीसदा उकिडव्या बसायच्या. आपण खुर्चीवरून उठतो ते सोफ्यावर बसतो. चूक आहे ती ओल्या फरशीची. आठव्या महिन्यात तोल पुढे गेलेला असतो, पाय घसरला तर काय? सतरंजी घाल, हात-गुडघ्यांवर ओणवी हो आणि कंबर हळूहळू मागेपुढे झुलव. पाच-दहा मिनिटं. खिडकीचे गज धरून उकिडवं बसायचा सराव कर, टाचा टेकत नसतील तर खाली पाट किंवा घडी केलेली चादर दे. मात्र वार खाली असेल, गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातलेला असेल किंवा मधे रक्त गेलं असेल, तर यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायचं नाही.

तुपाचं सांगायचं तर ते पोटात जातं आणि तिथेच पचतं. बाळाच्या वाटेपर्यंत पोचायला त्याला रस्ताच नाही. वरणभातावर चमचाभर घे, सासूबाईंना बरं वाटेल, तुलाही. वाटीभर प्यायलीस तर नुसतं वजन वाढेल. एरंडेल मात्र कोणी कितीही प्रेमाने दिलं तरी घ्यायचं नाही. जुलाब लागून अंगातलं पाणी जातं आणि तू थकतेस.

एका गोष्टीबद्दल आपल्याकडे कोणी मोकळेपणी बोलत नाही. लघवी रोखताना जे स्नायू आवळतो, ते रोज आवळायला सांगतात. ठीक आहे, नंतर लघवीवर ताबा राहायला त्याचा उपयोग होतो. पण बाळ बाहेर येताना ते सोडता यायला हवेत. म्हणून आवळून झालं की श्वास सोडत सोडत पूर्ण सैल करायचं, लिफ्ट तळमजल्यावर येते तसं. ३४ आठवड्यांनंतर स्वच्छ हाताने, साध्या तेलाने, योनीमार्ग आणि गुदद्वार यांच्या मधल्या जागेला आठवड्यातून दोन-तीनदा पाच मिनिटं आतून हलका मसाज करता येतो. पहिलटकरणींमध्ये याने बाळ बाहेर येताना त्या जागेला चीर द्यावी लागण्याचं प्रमाण कमी होतं, असं अभ्यासांत दिसलंय. संसर्ग असेल, पाणी गळत असेल, रक्त जात असेल तर नाही. पद्धत तुझ्या डॉक्टरांकडून किंवा सिस्टरकडून समजून घे. त्यात लाज कसली?

आता ज्या तयारीला बायका सगळ्यात कमी वेळ देतात तिच्याबद्दल. हॉस्पिटल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत देशातल्या खासगी रुग्णालयांमधली ४७.४ टक्के बाळंतपणं सिझरने झाली, सरकारी रुग्णालयांमधली १४.३ टक्के. हा सगळा फरक बायकांच्या शरीरांमधला नक्कीच नाही. सरकारीत गर्दी आहे, खासगीत घाई आहे, आणि तुझ्यासारखी निरोगी मुलगी कुठे जाते यावर बरंच काही ठरतं. म्हणून पुढच्या तपासणीला नवऱ्याला बरोबर ने आणि डॉक्टरांना सरळ विचार: सगळं सुरळीत असेल तर तुम्ही किती वेळ वाट बघता? कळांमध्ये मला चालू-फिरू द्याल का, पाणी पिऊ द्याल का? जोर देताना कुशीवर किंवा बसून चालेल का? पहिलटकरणीला सरसकट चीर देता का? माझ्याजवळ कोण थांबेल? तुमच्याकडच्या किती पहिलटकरणींचं सिझर होतं? चांगले डॉक्टर या प्रश्नांना वैतागत नाहीत. जे वैतागतात, त्यांनी तुला उत्तर दिलंच आहे, आणि २८व्या आठवड्यात डॉक्टर बदलायला अजून वेळ आहे.

वाट बघण्याचा मुद्दा महत्त्वाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली सांगितलं, की कळांचा जोराचा टप्पा पाच सेंटिमीटरपासून मोजावा, पहिलटकरणीत तो बारा तासांपर्यंत चालू शकतो, आणि तासाला एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे ही जुनी मोजपट्टी सगळ्यांना लावू नये. आई आणि बाळ ठीक असतील, तर नुसता वेळ लागतोय हे सिझरचं कारण होत नाही. हे तुझ्या नवऱ्याला माहीत असू दे, कारण त्या वेळी तुला वाद घालता येणार नाही.

सोबतीचं माणूस आधीच ठरव. लेबर रूममध्ये आपल्या माणसाची सोबत असावी, असं त्याच शिफारशींमध्ये आहे, आणि आपल्या केंद्र सरकारनेही २०१६ मध्ये सरकारी रुग्णालयांत सोबतीला मुभा दिली. प्रत्यक्षात फाटकावर काय होतं ते वेगळं, म्हणून आधी विचारायचं. सार्वजनिक वॉर्डात इतर बायकांच्या आडोशाचा प्रश्न असतो, तिथे बाईमाणसालाच आत घेतात. नवऱ्याला आत येता आलं, तर त्याच्या हाताला काम दे. पाठीत कळा आल्या, की माकडहाडाच्या वरच्या चपट्या हाडावर तळहाताने घट्ट दाब द्यायचा, पूर्ण कळभर. जोर बोटांनी नाही, खांद्यातून, घट्ट कणीक मळताना देतो तसा. आतापासून रोज कणीक त्यालाच मळू दे.

आणि दुखणं सोसवेना झालं, तर पाठीतलं इंजेक्शन मागायला लाजू नकोस. ते घेऊनही बाळंतपण नॉर्मलच होतं. बाळ तिथूनच येतं. कोणी पदक देत नाही.

निघायचं कधी? पहिल्या खेपेला, कळा पाच मिनिटांवर, प्रत्येकी मिनिटभराच्या, आणि तासभर तशाच टिकल्या की निघ. चालल्यावर, आंघोळ केल्यावर विरल्या तर त्या खोट्या कळा, घरी विश्रांती घे. पण पाणी गेलं, रक्त गेलं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा ३७ आठवड्यांच्या आत कळा सुरू झाल्या, तर कळा मोजत बसायचं नाही. बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली तर त्याच दिवशी, त्याच तासाला जायचं. 'उद्या बघू' म्हणून आलेल्या आया मी पाहिल्यात. ती आठवण अजून जात नाही.

तुझी तारीख जुलैतली आहे. भांडुपहून एलबीएस रोडने जायचं असेल, तर पाणी तुंबलेल्या दिवशी दुसरा रस्ता कोणता, हे जूनमध्येच एकदा जाऊन बघून ठेवा. भरतीच्या वेळा पेपरात येतात. मोठी भरती आणि जोराचा पाऊस एकाच दिवशी असेल तर तासभर लवकर निघा. १०८चा नंबर दोघांच्याही फोनमध्ये हवा. फाइल जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून दाराजवळच्या खिळ्याला अडकव.

सिझर झालं तर काय, याचाही एकदा शांतपणे विचार कर. हे अभद्र बोलणं नाही. डॉक्टरांना आधीच सांगून ठेव, की शक्य असेल तर बाळ लगेच माझ्या छातीवर द्या आणि पहिल्या तासात दूध पाजायला मदत करा. सिझरनंतरही ते होऊ शकतं. ज्या मुलींनी हे ठरवून ठेवलेलं असतं, त्या ऑपरेशनच्या टेबलावर रडतात कमी आणि विचारतात जास्त.

आणि आता तुझी ताई. चौदा तास कळा देणारी बाई कळा सोसवल्या नाहीत म्हणून सिझरला जात नाही. तिने चौदा तास सोसल्या, आणि मग पोटावर चीर घेऊन, टाके ओले असताना, बाळाला अंगावर पाजलं. घरात पुन्हा कोणी ते वाक्य उच्चारलं, तर तिच्या आधी तू बोल. तुझी भीतीही बरीचशी तिथूनच आलीय असं मला पत्र वाचताना वाटलं. तुला कळांपेक्षा त्या वाक्याची भीती जास्त आहे.

येत्या रविवारी तिच्याकडे जा. दुपारी तिचं बाळ झोपलं, की तिच्या शेजारी आडवी हो, डाव्या कुशीवर, आता अशीच झोपत जा, आणि तिला विचार की त्या रात्री काय काय झालं. दोन वर्षांत हे तिला कोणी विचारलं नसणार. तिला सगळं सांगू दे, मधे बोलू नकोस. मग विचार, 'माझ्या वेळी आत माझ्यासोबत थांबशील?'

तुझी,
ताई